तुम्ही विचारा : व्हीटीच्या चौकात, आणि तेही मागच्या दारानं

मागच्या अंकात बोरीबंदरवर, म्हणजे कालच्या व्हीटी नि आजच्या सीएसएमटी स्टेशनवर, दोन परिच्छेद काय छापले, पत्रांचा नि मेसेजचा ढीग पडला. म्हणून या वेळचं सदर सगळंच मुंबईच्या त्या एका चौकावर. केळीच्या करप्याबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात नक्की.

प्रश्न : रेल्वेत नोकरी झाली, पासावर चाळीस वर्षं मुंबईला जाऊन येतोय. पण टीव्हीवर ती घुमटवाली बिल्डिंग दिसते ना, ती मी खरं सांगू का, समोरून कधी बघितलीच नाही. नातू हसतो. ती नक्की आहे कुठं? — एक वाचक, भुसावळ

दादा, नातवाला सांगा की आख्ख्या खान्देशाचं हेच आहे. आपण त्या स्टेशनात मागच्या दारानं शिरतो आणि मागच्याच दारानं बाहेर पडतो.

आता कसं आहे बघा, तिथं अठरा प्लॅटफॉर्म. एक ते सात लोकलचे, आठ ते अठरा मेल-एक्स्प्रेसचे. आपली विदर्भ, सेवाग्राम, अमरावती, पंजाब मेल सगळ्या या दुसऱ्या भागात लागतात. हा भाग नंतर वाढवलाय, १९२९ च्या सुमाराचा, साधा, कामापुरता. सकाळी डोळे चोळत उतरायचं, हमालाला नको म्हणायचं, टॅक्सीवाल्याला नको म्हणायचं, आणि डी'मेलो रोडच्या बाजूनं नाहीतर टॅक्सी स्टँडकडून निघून जायचं. घुमट राहिला पार दुसऱ्या अंगाला.

मी लहानपणी वडिलांबरोबर पहिल्यांदा गेलो तेव्हा एका हातात वळकटी, दुसऱ्या हातात नातेवाइकांसाठी केळ्यांचं खोकं, आणि वडिलांचं एकच वाक्य, "इकडं तिकडं बघू नको, पाकीट सांभाळ." मी इतकं मनावर घेतलं की पुढची वीस वर्षं वर बघितलंच नाही.

तर पुढच्या वेळी असं करा. डब्यातून उतरलात की इंजिनाच्या दिशेनं चालत रूळ संपतात तिथपर्यंत या, आणि उजवीकडे वळा. लोकलचे प्लॅटफॉर्म ओलांडत गेलात की दादाभाई नौरोजी रोड लागतो, म्हणजे जुना हॉर्नबी रोड. तिथं सबवेत उतरा, दुकानांच्या गर्दीतून पलीकडे महापालिकेच्या बाजूला वर या आणि मग मागं वळून बघा. सबवेत भलत्याच तोंडानं वर येणं हे ठरलेलंच, मी तर दोनदा त्याच पानवाल्यासमोर उगवलो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

एक गोष्ट अजून. बिल्डिंगचं तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे आपल्या गाड्या पोचतात त्या वेळी, सकाळी, ती सावलीत असते आणि काळपट दिसते. दुपारी चारनंतर उन्हं समोरून पडली की तो पिवळा दगड असा काही उजळतो की नातवाला फोटो पाठवायला विसरू नका.

आणि तुम्ही रेल्वेतले म्हणून सांगतो, त्या घुमटाखाली एकही गाडी कधी उभी राहिली नाही! तो सगळा थाट आहे ऑफिसचा. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, आपल्या आजोबांच्या भाषेत जीआयपी, तिचं ते हेडऑफिस. १९५१ पासून मध्य रेल्वेचं. मधे बाग, तिच्या तिन्ही बाजूंनी इंग्रजी सी अक्षरासारखी बिल्डिंग, आणि गाड्या आपल्या बाजूच्या शेडखाली. घुमटाखाली आहे तो साहेबलोकांचा जिना.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही लिहिलं की व्हीटी १८५३ ची. आमचे आजोबा बोरीबंदरच म्हणायचे, वडील व्हीटी, मी सीएसटी, आणि पोरगी सीएसएमटी. "हाई काय शे?" असं आमची आजी विचारते. — अमळनेर

चूक माझी, कबूल. १८५३ ची गाडी आहे, बिल्डिंग नाही.

१६ एप्रिल १८५३ ला दुपारी साडेतीनच्या सुमाराला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, १४ डबे, चारेकशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी, आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. अंतर ३४ किलोमीटर. तेव्हा तिथं जे स्टेशन होतं ते अगदीच साधं. बंदर म्हणजे धक्का आणि बोरी म्हणजे पोती, पोती उतरायची म्हणून बोरीबंदर, असं सांगतात. समुद्र तेव्हा बराच आत होता हे लक्षात घ्या, आता भरावावर भराव होऊन तो कुठच्या कुठं गेला. मुंबादेवीचं मूळ देऊळही याच परिसरात होतं असं जुन्या मुंबईच्या इतिहासात सांगतात.

आत्ताची बिल्डिंग बांधायला घेतली १८७८ ला, पूर्ण व्हायला १८८८ उजाडलं. मधे १८८७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून तिचं नाव दिलं, ते झालं व्हिक्टोरिया टर्मिनस. मार्च १९९६ ला छत्रपती शिवाजी टर्मिनस, २०१७ ला त्यात 'महाराज' आलं. म्हणजे तुमच्या घरात चार पिढ्यांत चार नावं आहेत आणि चारही आपापल्या जागी बरोबर आहेत. आजीला सांगा, सगळं एकच शे.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला आहे. सर म्हणतात व्हिक्टोरियन गॉथिक. पण मला तर घुमट बघून आपल्याकडचंच काहीतरी वाटतं. माझं चुकतंय का? — धुळे

नाही ताई, तुझं चुकत नाहीये आणि सरांचंही नाही.

बिल्डिंग फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या माणसाची. इंग्लंडातल्या बाथ गावचा, जन्म १८४७ चा, विशीत इकडं पीडब्ल्यूडीत नोकरीला आला. व्हीटीचं काम मिळालं तेव्हा युरोपात दहा महिने स्टेशनं बघत फिरला, लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनची छाप तर उघड दिसते. टोकदार कमानी, लहान लहान बुरूज, टोकाला निमुळती होत गेलेली छपरं, खिडक्यांच्या रंगीत काचा, हे सगळं गॉथिक, म्हणजे युरोपातल्या जुन्या चर्चांची पद्धत, जी राणीच्या काळात तिकडं परत फॅशनमध्ये आली. पण चर्चवर असतो उंच टोकदार मनोरा, आणि यानं मधोमध ठेवला घुमट. तोही गोल नाही, अष्टकोनी, दगडाच्या फासळ्यांचा. खालून जिन्यात उभं राहून वर बघितलं तर त्या आठ फासळ्या एका जागी जाऊन मिळताना दिसतात, आणि तो जिना म्हणशील तर भिंतीतून बाहेर आलेल्या पायऱ्यांवर तोललेला, खाली खांबच नाही. आपल्याकडं घुमट म्हटलं की डोळ्यासमोर मशिदी-मकबरे येतात म्हणून तुला तो ओळखीचा वाटला. युनेस्कोनं २००४ ला जागतिक वारसा म्हणून नाव घातलं तेही याचसाठी, की तिकडची गॉथिक पद्धत आणि इकडची बांधायची रीत एकमेकांत मिसळलीये.

आता जवळ जाऊन बघ. लांबून सगळे घुमटाचा फोटो काढतात, पण मजा आहे ती हाताच्या उंचीवर नि मानेच्या उंचीवर. मोर, माकडं, साप, मुंगूस, पानं, वेली. पावसाचं पाणी फेकायला पन्हाळीच्या तोंडाशी जनावरांची डोकी बसवलीत, जोराच्या पावसात ती खरंच तोंडातून पाणी ओततात. एका ठिकाणी नुसत्या वेगवेगळ्या समाजांच्या पगड्या नि फेटे घातलेली डोकी आहेत. हे कोरीवकाम इंग्लंडातून पेटीत भरून आलेलं नाही, बरंचसं जेजे स्कूल ऑफ आर्टच्या पोरांनी केलंय, म्हणजे तुझ्याच वयाच्या. कोरायला मऊ म्हणून पोरबंदरचा दगड, भिंतींना मुंबईतलाच मालाड-कुर्ल्याकडचा पिवळसर दगड.

गेटच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह म्हणजे इंग्लंड आणि वाघ म्हणजे आपण. दोघंही बसलेत, दोघांची उंची सारखी. मला हे फार गंमतीचं वाटतं, राज्य त्यांचं नि वाघाला जागा मात्र बरोबरीची, अर्थात दगडात द्यायला काय जातंय.

घुमटाच्या टोकावर एक बाई उभी आहे, प्रगतीचा पुतळा, एका हातात मशाल, दुसऱ्या हातात चाक. साडेसोळा फूट उंच! खालून बाहुलीएवढी दिसते.

आणि सरांना आवर्जून हे विचार, की स्टीव्हन्सच्या हाताखाली कोण होतं. असिस्टंट इंजिनिअर होते रावसाहेब सीताराम खंडेराव, शिवाय जनार्दन नावाचे सुपरवायझर. दहा वर्षं साइटवर उन्हापावसात उभं राहून हे करून घेणारी ही आपली माणसं, पुस्तकात मिळते त्यांना अर्धी ओळ. स्टीव्हन्सही परत गेला नाही. १९०० साली मुंबईतच मलेरियानं गेला, शिवडीच्या दफनभूमीत आहे.

प्रश्न : राणीचा पुतळा होता म्हणे तिथं, तो कुठं गेला? — पारोळा

घड्याळाच्या खाली होता. स्वातंत्र्यानंतर काढला. कोनाडा अजून रिकामा आहे, नीट बघितलं तर कळतो. घड्याळ मात्र चालू, साडेदहा फुटाचं.

प्रश्न : सगळं ठीक आहे हो, पण मुंबईच्या बिल्डिंगीचं आपल्या खान्देशाला काय? शेतकऱ्याच्या पोरानं हे का वाचायचं? — एरंडोल

भाऊ, तुमचाच प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण त्या बिल्डिंगीत तुमच्या पणजोबाचा कापूस आहे.

इंग्रजांनी रेल्वे आणली ती आपण पंढरपूरला जावं म्हणून नाही. तिकडं लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि तो होता आपल्या काळ्या मातीत, खान्देशात नि वऱ्हाडात. त्याआधी तो बैलांच्या पाठीवर नाहीतर गाड्यांतून घाट उतरून जायचा, आठवडेच्या आठवडे, वाटेत धूळ खायची, वळवाच्या पावसात भिजायचा, बंदरावर पोचेस्तोवर निम्मी किंमत गेलेली. म्हणून जीआयपीनं घाट फोडायला घेतला.

आणि त्यातच १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस बंद, सगळं लँकेशायर आपल्याकडं धावलं, भाव आभाळाला टेकले. जळगाव तेव्हा साधं गाव, ते कापसाची पेठ म्हणून मोठं झालं ते याच दिवसांत, पुढं खान्देश मिल आली ती याच पायावर. मुंबईत तर पैशाचा पूर आला. बार्टल फ्रियर गव्हर्नर होता, त्यानं जुन्या कोटाच्या भिंती पाडायला काढल्या, आणि तट गेले म्हणून रस्ते रुंद झाले, मोकळी जागा झाली, आज आपण ज्याला व्हीटीचा चौक म्हणतो तो याच जागेवर. तट होते तेव्हा बझारगेट नावाची वेस इथं जवळच होती.

आता नशीब बघा कसं असतं. कसारा घाटाचा रेल्वेमार्ग, थळ घाट, सुरू झाला १ जानेवारी १८६५ ला. आणि एप्रिलमध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं! भाव कोसळले, मुंबईत शेअरचे कागद रद्दी झाले, बँका बुडाल्या. म्हणजे रूळ आले तेव्हा तेजी गेली. कापूस लावणाऱ्याला हे काही नवीन नाही म्हणा, आपला माल घरात यायला आणि भाव पडायला एकच गाठ पडते, तेव्हाही तेच.

पण रूळ राहिले. १८७० ला भुसावळ-खंडवा-जबलपूर करत मुंबई-कलकत्ता जोडली गेली, कापूस, गहू, तेलबिया सगळं त्या वाटेनं बंदरावर जायला लागलं आणि कंपनी सोळा लाखाच्या आसपास रुपये एका हेडऑफिसवर घालण्याइतकी गब्बर झाली. त्या काळचे सोळा लाख. दर्शनी भागावर वरती पुतळे बसवलेत त्यात व्यापार आहे, इंजिनिअरिंग आहे, आणि शेती पण आहे. शेतीचा पुतळा वर नि शेतकरी जनरलच्या डब्यात, एवढं मात्र मी म्हणणारच.

प्रश्न : सहलीला मुलांना नेलं होतं. समोरासमोर दोन बिल्डिंगी, दोन्ही घुमटवाल्या, मुलांनी विचारलं स्टेशन कोणतं नि मी चुकीची दाखवली. — एक शिक्षिका, जळगाव

बाई, लाज वाटून घेऊ नका, बहिणी शोभाव्यात अशाच आहेत त्या. समोर आहे ती महापालिका, आणि तीही स्टीव्हन्सचीच. तिच्यासाठी रॉबर्ट चिझम नावाच्या दुसऱ्या आर्किटेक्टनंही डिझाइन दिलं होतं, देशी वळणाचं. शेवटी स्टीव्हन्सचं घेतलं. पायाचा दगड १८८४ ला व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या हातून, पण खरं बांधकाम १८८९ ते १८९३. म्हणजे एकाच माणसानं चौकाच्या दोन बाजू उभ्या केल्या, आणि आपल्याच आधीच्या कामासमोर दुसरं काम उभं करताना त्याला काय वाटलं असेल हा विचार मी दर वेळी तिथं करतो.

मुलांना खूण सांगायची तर ही, की जिच्यापुढं फिरोजशहा मेहतांचा पुतळा ती महापालिका, जिच्या गेटवर वाघ-सिंह ते स्टेशन.

आणि स्टेशनकडं तोंड करून उभं राहिलात तर उजव्या हाताला, भाटिया बागेच्या पलीकडं, जीपीओ आहे, मोठं पोस्ट. ते जॉन बेगचं, १९१३ ला पूर्ण झालेलं. त्याचा घुमट विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलाय. तिथं गॉथिक संपलं, साहेबाला तोवर वाटायला लागलं होतं की आता जरा इथल्यासारखं दिसायला पाहिजे. वीस-पंचवीस वर्षांत सरकारची आवड कशी बदलली ते त्या चौकात एका जागी उभं राहून मान फिरवली की दिसतं, पुस्तक लागत नाही. आता तर चौकाखालून मेट्रोही धावते, २०२५ पासून.

आणि पुढच्या सहलीला लोकलच्या जुन्या तिकीट हॉलमध्ये मुलांना नक्की न्या. छताकडं बघायला सांगा. निळ्यावर सोनेरी चांदण्या आहेत, म्हणून त्याला स्टार चेंबर म्हणतात. खाली रांगेत माणसं मोबाइलमध्ये डोकं घालून उभी असतात आणि वर आख्खं आभाळ.

प्रश्न : टर्मिनस आणि जंक्शनमध्ये फरक काय? — बोदवड

भुसावळ जंक्शन, तिथं वाटा फुटतात आणि गाडी पुढं जाते. टर्मिनसला पुढं जागाच नाही, रूळ भिंतीशी संपतात. त्यामुळे गाडी आत आली की तिचं इंजिन पुढं अडकतं, मग मागून दुसरं इंजिन लावून रिकामे डबे काढून नेतात, तेव्हा कुठं पहिलं सुटतं. तुम्हाला इगतपुरीला गाडी थांबून इंजिन बदलायची ते आठवत असेल, ते मात्र वेगळ्या कारणानं. मुंबईकडं १९२५ ला व्हीटी-कुर्ला पहिली विजेची गाडी धावली ती डीसी करंटवर, आपल्याकडं नंतर आला एसी, म्हणजे विजेचा दुसरा प्रकार, त्याला इंजिन वेगळं, आणि दोन्हींची गाठ इगतपुरीला. २०१६ पर्यंत मुंबईतला डीसी गेला. वडापाव खायला मिळायचा तो निवांत वेळही गेला.

प्रश्न : पंजाब मेल पहिल्यापासून व्हीटीहूनच सुटते का? आमच्याकडं या गाडीला फार मान आहे. — चाळीसगाव

मान असणारच, तुमच्या गावात त्या गाडीची वाट बघणारा माणूस होऊन गेला.

नाही, पहिल्यांदा ती बॅलार्ड पिअरहून सुटायची, बोटीतून उतरलेले साहेब आणि विलायतेची टपाल घेऊन थेट पेशावरपर्यंत. सुरुवात १ जून १९१२. दोनेक वर्षांनी ती व्हीटीला आली. फाळणीनंतर फिरोजपूरपर्यंतच उरली.

त्याच १९१२ साली केकी मूस जन्मले, मुंबईत. मोठे फोटोग्राफर, चित्रकार, आणि राहिले आयुष्यभर तुमच्या चाळीसगावात, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. त्यांची गोष्ट तुम्हाला मी काय सांगणार, पण बाकीच्यांसाठी, मुंबई सुटताना प्रेयसीनं शब्द दिला होता की पंजाब मेलनं येईन, म्हणून रोज रात्री गाडीच्या वेळेला ते दार-खिडक्या उघडून, दिवा लावून बसायचे आणि गाडी गेली की मगच जेवायचे, असं गावात सांगतात. १९८९ च्या ३१ डिसेंबरला गेले, तोपर्यंत.

मी व्हीटीला त्या बाजूच्या प्लॅटफॉर्मवर पंजाब मेल उभी दिसली की डबे मोजत पुढं जातो, उगाचच. मागच्या खेपेला संध्याकाळी एसीच्या डब्याजवळ एक बाई हातात पर्स घेऊन बोर्डावर नाव शोधत होती, मला विचारलं, "ही चाळीसगावला थांबते ना?" मी म्हटलं, थांबते की.